रानाला दिलेलं आवतन

या सर, बसा. त्या खुर्चीवर नका बसू, तिच्याखाली बेडूक असतो. म्हातारा आहे, त्याला उठवायला नको. इकडं बाजेवर बसा. लाईट आत्ताच गेली, आता सातशिवाय येत नाही. दीक्षा, तो चार्जिंगचा दिवा आण गं, आणि चहा टाक. आमच्या शाळेत नवीन आलेले संतोष सर आलेत.

तर उद्यापासून हे घर रिकामं होऊन राहिलंय, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही बघायला आलात. बराबर? कोण म्हणालं ते मला मागून सांगा, आधी माझं ऐका. उद्या शनिवार. आम्ही घर सोडून राहिलो नाही. निदान मला तरी तसं कुणी कळवलेलं नाही.

मी विज्ञानाचा मास्तर. धम्मानंद सर म्हटलं की या चार गावांत लोक मला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे भूतबाधेवरचं माझं व्याख्यान, त्यात मी पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवतो. दुसरी म्हणजे लग्नपत्रिका. माझं मराठी बरं म्हणून पुसेगाव ते सेनगाव कुणाच्याही घरी लग्न निघालं की मजकूर लिहायला माझ्याकडंच येतात. मागच्या वर्षी उन्हाळ्यात इतक्या पत्रिका लिहिल्या की झोपेत सुद्धा मी 'अगत्य येण्याचे करावे' म्हणत होतो. हे ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

हे घर मनकर्णाबाईचं. आमच्याकडून भाडं घेतो तो बालाजी तिचा पुतण्या, राहतो हिंगोलीला. मी आलो तेव्हा काकूला जाऊन दोन वर्षं झाली होती. रानभाजी आणि झाडपाला यातली ती जाणती बाई. कुणाचं लेकरू रडायचं थांबेना, कुणाचा पाय मुरगळला, की लोक हिच्याकडं. हयातभर तिनं खुरपं हातात धरलं नाही म्हणतात. जे घ्यायचं ते नखानं खुडायची. खुडून खुडून नखं हिरवी झालेली, आणि ती शेवटपर्यंत हिरवीच राहिली. तिच्यामागं अंगणाला विचारणारं कुणी नव्हतं. तरोटा माझ्या कमरेएवढा, कुंपणावर करटुल्याचा वेल, कोपऱ्यात रुई, आघाडा, आणि मधून काहीतरी सारखं सरसरत असायचं. माझ्याआधी दोन भाडेकरू येऊन गेले. दोघांनी सामान न्यायला दुसऱ्याच माणसाला पाठवलं होतं.

मला कशाची भीती? मला भीती एकाच माणसाची, ती आत चहा टाकून राहिली.

आम्ही आधी सेनगावला खोली करून होतो. तिथं एकदा दीक्षाच्या वरणाच्या वाटीत पाल पडली, आणि चौथ्या दिवशी न्हाणीत विंचू निघाला. ती तेव्हा पोटुशी. बाळंतपणाला कुरुंद्याला माहेरी गेली, ती जाताना दारात उभं राहून सांगून गेली, "अहो, आधी घर बघा. ज्या घरात मला किडामुंगी दिसंल, तिथून मी उलट्या पावली परत येईन, अन् मग तुमी अन् तुमची नोकरी." ही बाई बोललेलं मोडत नाही. तिचा भाऊ हरीश अजून तिला घाबरतो, आणि तो पोलिसात आहे.

पोरगी झाली. सुजाता. सहा महिने झाले तरी मी तिला जास्त करून मोबाईलमध्येच बघून राहिलो होतो. रविवारी कुरुंद्याला गेलो की माझ्या मिशा बघून ती भोकाड पसरायची. तिची मामी कौतुकानं म्हणायची, "तिला तुमी मोबाईलमधलेच बरे वाटता." सर, हसू नका. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडायचो. बापाला ओळखत नाही ती पोरगी कुणाला ओळखणार?

शेवटी दीक्षा रविवारी येते म्हणाली. मी आठ दिवस राबलो. घराला आतून चुना मारला, खिडक्यांना जाळी ठोकली, न्हाणीच्या भोकाला फडकं कोंबलं, फिनेलच्या वासानं माझंच डोकं चढलं. राहिलं होतं फक्त अंगण. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी शेजारच्या जमनाबाईकडं गेलो. काम काय, तर खुरपं मागायचं.

"जमनाबाई, खुरपं द्या जरा."

"काहून?"

"अंगण साफ करायचंय. रविवारी बायको येऊन राहिली."

"कोणतं अंगण? मनकर्णाकाकूचं?" ती भाकरीचं पीठ तसंच टाकून उठली. "मास्तर, त्या रानाला असा हात लावत न्हाईत. काकू मूठभर भाजी घ्यायची तरी आदल्या दिशी हळद-तांदूळ टाकायची. म्हनायची, उद्या येते न्यायला, राग धरू नका. मंग झाड राजी व्हतंय, अन् त्याच्यातले जीव रातच्याला दुसरीकडं जातेत. न सांगता तोडलं का ते समदे घरात शिरतेत."

"जमनाबाई, तरोट्याला कान नसतात."

"मंग माझ्याकडं खुरपं बी नसतंय."

आता काय बोलता? गावात दुसरीकडं खुरपं मागावं तर सोयाबीनचं निंदण चालू, सगळी खुरपी वावरात. मी हो म्हटलं. तिनं ताटलीत हळद लावलेले तांदूळ आणून दिले आणि स्वतः कुंपणापलीकडं उभी राहिली, मी बराबर करतो का नाही ते बघायला.

आणि इथं चूक झाली, सर. आम्ही बौद्ध, आमच्या लग्नात अक्षता नसतात, फुलं असतात. हळदीचे तांदूळ हातात घ्यायची माझी ती पहिलीच वेळ. हातात अक्षता आल्या आणि तोंडात आपोआप पत्रिका आली. शिवाय मला जमनाबाईची गंमत करायची होती, खोटं काहून बोलू? मी व्याख्यानाचा आवाज लावला. तरोट्यावर, आघाड्यावर, वेलावर मूठमूठ तांदूळ टाकत मोठ्यानं म्हणालो, "सर्व झाडाझुडपांना, वेलींना आणि त्यांत राहणाऱ्या समस्त जिवांना कळविण्यात आनंद होतो की, उद्या शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी, आमचे राहते घरी, आपण सहकुटुंब, सहपरिवार आणि इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे!" एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पत्रिका निमंत्रकाशिवाय पुरी होत नाही. मी म्हणालो, "निमंत्रक, कैलासवासी मनकर्णाबाई!"

आणि मी एकटाच हसलो.

जमनाबाईनं तोंडावर पदर धरला होता. "मास्तर… काय केलंव हे?"

"काय झालं?"

"तुमी त्येंना जा म्हनायचं व्हतं. तुमी या म्हनलं… अन् तिच्या नावानं म्हनलं."

तरोटा दिवस मावळताना पानं मिटतो, हे मी सहावीच्या पोरांना शिकवतो. पण तो सावकाश मिटतो, एक फांदी आधी, एक मागून. त्या दिवशी सगळं अंगण एकदम मिटलं. मागं रातकिडे ओरडून राहिले होते, तेही थांबले. करटुल्याचा वेल तेवढा वारा नसताना जरासा हलला. मी जमनाबाईला हवेतल्या बाष्पाचा परिणाम समजावून सांगितला. तिनं खुरपं दिलं, पण हातात दिलं नाही. कुंपणावर ठेवलं, घरात गेली आणि आतून कडी लावली.

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला घरी आलो. आभाळ इतकं भरून आलेलं की घरात दिवेलागणीसारखा अंधार. लाईट अर्थातच नव्हती. अंगणात खुरपं घेऊन उतरलो आणि बघतो तर अंगणात एक जीव नाही. नाकतोडा नाही, मुंगी नाही, एरवी रुईवर ते काळे-पिवळे टोळ असतात तेही नाहीत. मी खूश झालो. म्हटलं, फिनेलचा गुण. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"अहो, हिंगोलीहून जीपमध्ये बसलेय. हरीश इकडं ड्युटीला आला होता, त्यानं आणून सोडलं. आज काय अन् उद्या काय, म्हटलं एक दिवस आधीच जावं."

"आज?"

"काहून, तकलीफ आहे का काही?"

"नाही नाही," मी म्हणालो. "ये की. घर एकदम साफ आहे."

फोन ठेवला आणि घड्याळात पाहिलं. बारा वाजायला दोन मिनिटं कमी होती. पाणी प्यायला आत आलो, आणि मला वास आला. फिनेलचा नाही. ओल्या मातीचा, चुरगळलेल्या तरोट्याचा तो कडवट वास, आणि त्यात हळद. घरात हळद नव्हती, सर. मी तर खिचडीत पण विकतचा मसाला टाकतो.

मग आवाज सुरू झाला. सुपात धान्य हळूहळू पाखडावं तसा. सर्र… थांबायचा. सर्र… पुन्हा थांबायचा. आणि दर वेळी जरासा जवळून यायचा.

पहिला आला बेडूक. हाच, त्या खुर्चीखालचा. उंबऱ्यावर बसला, इकडंतिकडं पाहिलं, आत उतरला आणि सरळ भिंतीला पाठ लावून बसला. मी म्हटलं, "हुश्श." त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. त्याच्यामागून चिचुंद्री आली. एकटी नाही. तिच्या शेपटीला तोंडात धरून एक पिल्लू, त्याच्या शेपटीला दुसरं, अशी पाच जणांची रांग. मग चौकटीवरून नांगी वर धरून इंगळी उतरली, आणि तिच्या पाठीवर पांढरी पांढरी इवली पोरं दाटीवाटीनं बसलेली. सहकुटुंब, सहपरिवार. 

त्यानंतर मी मोजणं सोडलं. सोयाबीन खाणाऱ्या त्या शंखाच्या गोगलगायी आल्या, त्या उशिरा पोहोचणार म्हणून बहुतेक सकाळीच निघाल्या असाव्यात. सरडे आले, पाली आल्या, छतावरून आठ पायांच्या बाया आल्या. न्हाणीच्या भोकातलं फडकं आतून कुणीतरी हळूच बाहेर ढकललं आणि तिथून धामण आली, चांगली हातभर… नाही, दोन-तीन हात. आणि दारातून मुंगूस. सर, साप आणि मुंगूस एका खोलीत. मी डोळे मिटले. उघडले तर धामण या भिंतीला, मुंगूस त्या भिंतीला, मधे जागा सोडून बसलेले, वरपक्ष आणि वधूपक्ष बसतात तसे. लग्नघरात भांडायचं नाही एवढी अक्कल त्यांना होती.

खिडकीची जाळी कचकन वाजली. करटुल्याचा वेल जाळीतून आत येऊन राहिला होता. तंतू पुढं करायचा, चाचपायचा, आणि वीतभर सरकायचा. वेलाला असं सरकताना मी कधी पाहिलं नव्हतं, तुम्ही पण पाहिलं नसेल. तो चौकटीच्या वर गेला, आडवा झाला आणि तोरणासारखा लटकून थांबला.

सगळे रांगेत बसले. पंगत बसली म्हणा. आणि मला एक गोष्ट उशिरा कळली. त्यातला एकही जीव माझ्याकडं बघून राहिला नव्हता. सगळ्यांची तोंडं त्या कोपऱ्याकडं होती, ते जातं ठेवलंय ना, तिकडं. ते काकूचं जातं. जड म्हणून बालाजीनं इथंच ठेवलेलं. तिथं कुणी नव्हतं. तरी ते तिथं बघत होते, आणि वाट पाहत होते.

मी मागच्या दारानं कुंपणाशी पळालो. "जमनाबाई! ओ जमनाबाई…"

कडी निघाली नाही. दाराच्या फटीतून आवाज आला. "आले?"

"आले."

"समदे?"

"इष्टमित्रांसह… आता काय करू? बायको जीपमध्ये आहे. तिनं हे बघितलं तर माझा संसार संपला. पोरगी जन्मभर मला मोबाईलमध्ये बघंल. काहीतरी सांगा."

तिनं फटीला डोळा लावून माझ्या घराकडं पाहिलं. मग ती हळू म्हणाली, "आवतन देऊन बोलवलंव तुमी. जेवल्याबिगर कोन जातंय?"

"जेवायला काय घालू? साप खीर खात नाही, त्याला दूध पचत नाही, हे मी दर नागपंचमीला व्याख्यानात…"

"मंग द्या व्याख्यान," असं म्हणून तिनं फट पण बंद केली.

आणि जीपचा हॉर्न वाजला.

मी पुढच्या दारी पळालो. दीक्षा फाटकात उभी, एका हातात पिशवी, कडेवर सुजाता. मी दारात दोन्ही हात आडवे धरले.

"आत नको येऊ."

"काहून?"

"आत… पाहुणे आहेत."

"कोण पाहुणे?"

"ओळखीचे नाहीत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. सात महिने नवरा एकटा राहतो, बायको न सांगता एक दिवस आधी येते, तर नवरा दार अडवून घामाघूम. आतून सळसळ ऐकू येतेय, नव्या कोऱ्या साडीसारखी. तिला जे वाटायचं तेच वाटलं. "कोण आहे ती?" असं म्हणून तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

मग ती थांबली.

मी तिच्या पाठीकडं बघून राहिलो होतो. मनात म्हटलं, आता किंचाळणार. आता वळणार. जीप अजून वडाखाली उभी आहे, ड्रायव्हर तंबाखू मळून राहिलाय. एवढंच सुख होतं आपल्याला, धम्मानंद. खरं सांगतो, त्या सगळ्या पंगतीपेक्षा मला त्या पाठीची जास्त भीती वाटली.

ती किंचाळली नाही. दातावर दात वाजत होते तिचे, मला ऐकू येत होते. हळूच म्हणाली, "हे… कुणी बोलावलं?"

"मी. चुकून. हळद-तांदूळ टाकून."

"अन् बसवून ठेवलंय? उपाशी?"

"मला काय माहीत काय…"

"पोरीला धरा."

आणि तिनं सुजाता माझ्या हातात दिली. पोरगी रडली नाही, सर. तिनं माझी मिशी मुठीत धरली आणि गप्प राहिली. मी तिला छातीशी धरलं. त्या खोलीत, त्या वासात, माझे डोळे भरून आले. काय करणार?

दीक्षाच्या पिशवीत डबा होता. आदल्या दिवशी कुरुंद्याला सुजाताचं उष्टावण झालेलं, मामानं पहिला घास भरवलेला, त्यातली तांदळाची खीर तिनं माझ्यासाठी आणली होती. दारातल्या पळसाची पानं तिनं तोडली. तोडायच्या आधी, काय मनात आलं कुणास ठाऊक, म्हणाली, "घेते हं." प्रत्येकापुढं एक तुकडा, त्यावर बोटभर खीर.  इंगळीपुढं वाढताना तिनं डोळे मिटून घेतले आणि अंदाजानं पान ठेवलं. चिचुंद्रीच्या पोरांना वेगवेगळं वाढलं. शेवटी एक पान उरलं, ते ती जात्यापाशी ठेवून मागं सरकली.

पण कुणी तोंड लावेना. सगळे तसेच बसलेले. बाहेर ढग खाली आलेला, घरात आमचा श्वास तेवढा ऐकू येत होता. दीक्षानं माझा शर्ट धरला.  सुजाता मात्र जात्याच्या कोपऱ्याकडं बघून एकदम हसली, ओळखीचं माणूस दिसावं तशी.

आणि आवाज आला, "सावकाश होऊ द्या…"

पंगतीत यजमान म्हणतो ना, तसा. हळू, म्हातारा, जरासा चिरका.

मला वाटलं दीक्षा म्हणाली. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, मी म्हणालो. आम्ही एकमेकांची तोंडं बघितली आणि दोघांनाही कळलं. पण तोवर पंगत जेवायला लागली होती. धामणीनं खीर खाल्ली नाही, मी म्हटलं होतंच. पण तिनं पानाला तोंड लावलं, मान राखला. मुंगसानं दोघांचं खाल्लं.

जेवण झाल्यावर ते आले तसेच गेले. आधी पोराबाळांच्या आया, मग म्हातारे, मग तरणे. कुणी घाई केली नाही. वेल खिडकीतून मागं सरकला. गोगलगायींना उंबरा ओलांडायला अंधार पडला, तोवर आम्ही दोघं तसेच उभे. बेडूक तेवढा गेला नाही. प्रत्येक लग्नात एक पाहुणा राहतोच.

शेवटी दीक्षा उंबऱ्यावर बसली. जीप केव्हाच निघून गेली होती. मी पोरीला घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. माझा निकाल लागायचा होता.

"किडामुंगी दिसली तर उलट्या पावली जाईन म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"हो."

"ते किडामुंगी नव्हते. पाहुणे होते." पदरानं तोंड पुसलं तिनं. "पाहुणे आले म्हणून कुणी घर सोडतं का? भांडी घासायला घ्या."

त्या दिवसापासून, सर, या घरात एक झुरळ नाही. मच्छर नाही. अंगणाला आम्ही खुरपं लावलं नाही, भाजी लागली तर दीक्षा आदल्या दिवशी सांगते आणि नखानं खुडते. ते तिकडं, आम्ही इकडं. सुजाता आता दीड वर्षाची झाली, जात्याशी बसून एकटी बडबडते. आम्ही विचारत नाही, कुणाशी. मी भूतबाधेवरचं व्याख्यान अजून देतो, फक्त शेवटचा भाग जरा पटकन आटपतो.

हे सगळं तुम्हाला काहून सांगून राहिलो? कारण उद्या त्याला वर्ष होतंय. आणि आज सकाळी दीक्षानं दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर पळसाची तीन पानं मांडलेली होती. दोन मोठी आणि एक अगदी लहान. तिन्हींवर हळद लावलेले तांदूळ.

मला आधी वाटलं जमनाबाईची गंमत. ती नातवाची शपथ घेऊन म्हणाली, मी न्हाई. मग दीक्षा म्हणाली, "परतीचं आवतन आहे. त्यांनी आपलं खाल्लं, आता आपल्याला बोलावलंय. गेलं पाहिजे." तिनं साडी पण काढून ठेवली आहे, आहेर काय न्यावा याचा विचार करून राहिली. कुठं जायचं, ते पानावर लिहिलेलं नाही. मी पत्रिका लिहिणारा माणूस, मला ते खटकलं. पण मी तिला म्हटलं, जायचं तर तिघं मिळून. सात महिने वेगळं राहून बघितलंय मी, पुन्हा नाही.

फक्त जमनाबाई ते तांदूळ बघून दोन पावलं मागं सरली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आवतन असंल, मास्तर… आवतनच असंल." आणि मग पाठ फिरवून म्हणाली, "पर काकू आदल्या दिशी तांदूळ टाकायची, ते जेवायला बोलवायला न्हाई टाकत. खुडून न्यायच्या आधी टाकायची."

असो. चहा घ्या, गार होतो. तुमचं राहिलंच की. हे घर उद्यापासून रिकामं होणार, असं कोण म्हणालं तुम्हाला? आम्ही तर कुणालाच बोललो नाही, बालाजीला पण नाही.

म्हातारी? इथंच, आमच्या कुंपणाशी? भाजी खुडत होती?

हातात खुरपं होतं का, सर, तिच्या? नीट आठवून सांगा.

बरं… खुरपं नव्हतं.

नखं बघितली का?